घडीची सायकल, घाटाचा रस्ता

बायको गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यात पोरगी पुण्याहून आली, ती नोकरी सोडूनच आली. गाडीच्या डिक्कीत कपड्यांची एक बॅग आणि बाकी सगळा लोखंडी माल. बारीक पाइप, दोन लहान चाकं, मोटर, वायरींची गुंडाळी. माझं वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात, वाशीम रोडवर वेल्डिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे टिनाचं शेड. तिफणी, डवरे, वखराच्या पासा, ट्रॉलीचे फाळके, असलं शेतीच्या सामानाचं काम. ती शेडाच्या दारात उभी राहिली, आत पाहिलं, आणि अर्धं शेड मला पाहिजे म्हणाली. कायले म्हणून विचारलं, तर म्हणे सायकल बनवायची आहे.

 त्या दिवसांत घरात बोलणंच कमी झालं होतं. पण मनात आलं ते आलंच. हिला शिकवली, मोटारीच्या कारखान्यात बसून मोटारीचे नकाशे काढायला लागली, आणि आता फिरून सायकल. आमच्या लोकांत ज्याची सायकल एकदा सुटली तो परत तिच्यावर बसत नाही. बसला तर रस्त्यानं लोक विचारतात, काय बुवा, धंदा बसला का.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, म्हणून तिनं मला दोनतीनदा समजावून सांगितलं. तिचं म्हणणं असं. शहरातला माणूस घरून गाडी घेऊन निघतो, मोठा रस्ता झपाट्यानं कापतो, आणि जिथं पोचायचं त्याच्या थोडं अलीकडे अडकतो. पुढं गर्दी, बारीक गल्ल्या, गाडी लावायला जागा नाही. मग तो चकरा मारत बसतो. त्याऐवजी त्यानं गाडी बाहेर मोकळ्या जागी सोडावी, डिक्कीतून सायकल काढावी, उघडावी आणि निघावं. बॅटरीवर चालणारी असल्यामुळे घाम येत नाही, साहेबाचा शर्ट खराब होत नाही. पोचल्यावर घडी घालून टेबलाखाली सरकवून द्यावी.

मी म्हटलं, ज्याच्या बुडाखाली गाडी आहे तो खाली कायले उतरीन?

"अडकला का उतरते, बाबा," ती म्हणाली. "अडकलेला माणूस काहीबी करते."

हे ती ज्या आवाजात बोलली तो आवाज मला आवडला नाही. का आवडला नाही हे सांगायचं तर आधी तिच्या मायचं सांगावं लागतं.

तिच्या मायच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा पोरगी सुटीवर घरीच होती. इथल्या डॉक्टरनं अकोल्याला न्या म्हटलं. कशाचीही वाट न पाहता पोरीनं आपली गाडी काढली. मी मागच्या सीटवर, बायकोचं डोकं माझ्या मांडीवर. आता माझ्या बायकोला गाडी लागायची. कोणतीही गाडी असो, एसटी असो का जीप, मेडशीच्या पुढं घाट आला की ती ओकायची. लग्नानंतर पहिल्यांदा तिला अकोल्याला नेली तेव्हापासूनचं हे. निघताना पिशवी घेऊनच निघायची. मी तिला यावरून चार लोकांत लई बोललो आहे आणि तिनंही मला सोडलेलं नाही, तुमच्या तोंडापेक्षा माझं ओकणं बरं म्हणायची. त्या दिवशीही पिशवी माझ्या हातात होती. घाट लागला, गाडी वळणं घ्यायला लागली, आणि ती ओकली नाही. आधी मला बरं वाटलं, डोळा लागला असेल म्हणून. मग मांडीवरचं डोकं जड झालं. जिवंत माणसाच्या डोक्याचं वजन वेगळं असतं. मी तिच्या नाकापुढं हात धरला. धरून ठेवला. मग काढून घेतला.

पोरीला सांगितलं नाही. ती दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून होती, समोरून ट्रक येत होते, आणि राहून राहून विचारत होती, माय कशी आहे. झोपली आहे, तू समोर पाह्य, असं मी म्हणत राहिलो. पातूर गेलं, अकोला आलं. दवाखान्याच्या गल्लीत गाडी शिरेना. मी आणि कोणी एक अनोळखी माणूस, आम्ही दोघांनी तिला उचलून आत नेलं आणि पोरगी गाडी लावायला गेली. तिला जागा मिळेना. पळत पळत परत आली तोवर डॉक्टर बाहेर येऊन मला सांगून गेले होते.

तेव्हापासून तिच्या मनात बसलं ते असं, की माय दवाखान्यात गेली, आणि त्या वेळी आपण गाडीला जागा शोधत फिरत होतो. मी ते तसंच राहू दिलं. आधी माती झाली, मग भंतेजी आले, वंदना झाली, पांढऱ्या लुगड्यातल्या बायका आल्या आणि गेल्या. सांगायचं राहिलं. पण मी भिऊन गप्प बसलो असं कोणी म्हणू नये. घाटात तोंड उघडलं असतं तर तिनं गाडी कुठं घातली असती, काय सांगावं. आजही तसंच करीन.

म्हणून सायकलीचं नाव काढल्या काढल्या मला कळलं, ही पुण्यातल्या साहेबासाठी नाही.

काम सुरू झालं. तिनं शेडाच्या फरशीवर खडूनं डिक्कीचा आकार काढला. घडी घातलेली सायकल त्या रेघेच्या आत बसली पाहिजे, बाहेर काही आलं की नापास. मधल्या जाड पाइपात बिजागरी, तिथं सायकल अर्ध्यात मोडायची. हँडल खाली पडायचं, सीट आत जायची, पायडल वर दुमडायचे. मी पाइप जोडून द्यायचो. पहिल्या दिवशी मी आपला वखराला घालतो तसा जाड टाका घातला. तिनं पाहिला, ग्राइंडर घेऊन सगळा उतरवला आणि मला पुन्हा करायला लावला. हे काही रानात चालवायचं अवजार नाही, म्हणाली, जास्त वेल्डिंगनं बारीक पाइप जळतो आणि तिथंच तुटतो. तिचं बरोबर होतं. हळूहळू माझा हात हलका झाला. या वयात हात बदलला हे मी कोणाला सांगितलं नाही.

बॅटरी शेजारच्या शेडात बनली. तिथं ई-रिक्षाच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा मुसलमान गडी आहे, माझ्यापेक्षा वयानं लहान, पोरगी त्याला लहानपणापासून चाचा म्हणते. मीही आता चाचाच म्हणतो. त्यानं बारीक सेल जोडून एक लांबट बॅटरी केली, ती मधल्या पाइपाच्या पोटात सरकायची. तो रोज येऊन विचारायचा, काय मिस्त्री, साहेबाची सायकल चालाले लागली का अजून दूध पिऊन राह्यली. पोरगी त्याच्या बोलण्यावर हसायची. माझ्या बोलण्यावर नाही.

बिजागरी जिथं बंद होते तिथं खटका असतो. तो दाबून बसवला की पाइप एकजीव होतो. हे मला तिनंच शिकवलं, आणि हेही तिनंच सांगितलं, की असल्या सायकलीला दोन खटके लागतात. पहिला चालता चालता सुटला तर दुसऱ्यानं धरून ठेवायचं. पहिल्या सांगाड्याला तिनं दोन लावले होते. मग एक दिवस मी दुकानात आलो तर दुसरा काढून टाकलेला.

कारण तिचा सगळा जीव उघडण्यात गुंतला होता. मोबाइलवर वेळ लावायची. गाडीची डिक्की उघडायची, सायकल काढायची, उघडायची, टांग टाकायची, मोबाइल पाहायची. नापसंत. परत घडी. परत डिक्की. दुपारच्या उन्हात, टिनाखाली भट्टी झालेली असताना, हेच. मनगटांवर पाइपाचे ओरखडे. जेवायला बोलावलं तर म्हणायची, एवढी एक वेळ पाहते. माझी बहीण आली होती, तिनं एक पूर्ण दुपार हे पाहिलं आणि जाताना मला बोलली. लग्न नाई, नोकरी नाई, दिवसभर सायकल काढते अन् ठेवते, अन् तुमी बाप होऊन पाना धरून उभे राह्यता. मी म्हटलं, मग काय करू, पाना फेकू? ती म्हणाली, फेका.

मला घाटातलं सांगता येत होतं. कधीही सांगता आलं असतं, एका वाक्याचं काम. पण सांगितल्यावर काय? ती सकाळी उठते ती या सायकलीसाठी. सायकल हातातून गेली तर ती काय धरून उठेल, हे मला माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मीही सकाळी शेडाचं कुलूप तिच्यामुळेच उघडत होतो. बायको गेल्यावर मला डवरे-तिफणींचा कंटाळा आला होता. कोणाच्या शेतात काय पेरलं जातं याच्याशी माझं काही देणंघेणं राहिलं नव्हतं. पोरगी हाक मारायची, बाबा, इथं धरा. मी धरायचो. दिवस जायचा.

आमच्या शेडाची एक रीत आहे. काहीही बनवलं, हातगाडी असो का ट्रॉली, त्यावर पोतं लादून चालवून पाहिल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हवाली करायचं नाही. माणूस वर बसताना सावरून बसतो, पोतं सावरत नाही, म्हणून पोतं. सायकल पुण्याला नेऊन दाखवायची वेळ जवळ आली होती. पोरगी कशाला तरी वाशीमला गेली होती. आणि मला आणि चाचाला एकदमच आठवलं, की हिला अजून पोतं लादलंच नाही. चाचा म्हणाला, साहेब लोकं काई पोत्याहून हलके नसतात, लादा. सोयाबीनचं पोतं आणलं. पण सायकलीला कॅरिअर नाही, काही नाही. मग ते मधल्या पाइपावर आडवं बांधलं, बरोबर बिजागरीच्या डोक्यावर. चाचा वर बसला. मोटर चालू झाली आणि तो आवाज न करता असा निघाला, की बसस्टॉपवरचे लोक वळून पाहायला लागले. त्यानं त्यांना एक हात वर करून दाखवला. पुढं गतिरोधक होता. खटका उडाला आणि सायकलीनं भर रस्त्यात घडी घातली. चाचा डांबरावर बसलेला, पोतं फाटलेलं, आणि कुठून आल्या कोण जाणे, शेळ्या.

चाचा बसल्या जागेवरून म्हणाला, "मिस्त्री, घडी एक नंबर होते. माणसासकट होते."

लोक हसले. मीही हसलो. बायको गेल्यावर पहिल्यांदा हसलो असेन, आणि तेही पोरीचं काम मोडल्यावर.

ती आली तेव्हा आम्ही दोघं पोरांसारखे उभे होतो. मला वाटलं आता आग होईल. झाली नाही. तिनं वाकलेला पाइप पाहिला आणि आम्हाला शांतपणे सांगितलं, की तुमची परीक्षाच चुकीची. चालवणारा मागं बसतो, त्याचे हात पुढं असतात, वजन दोन चाकांवर जातं, बिजागरीच्या डोक्यावर पोतं कोणी ठेवत नाही. चाचानं कान धरला. पण मला राहवलं नाही. मी म्हटलं, पोत्याचं सोड, खटका तर उडाला. उद्या कोणी साहेब खड्ड्यात आपटला तर तोंडावर पडेल. तूच लावला होता ना दुसरा, मग काढला कायले?

उघडायला वेळ लागतो, म्हणाली.

मी म्हटलं, असा कितीसा?

ती वाकलेल्या पाइपाकडेच पाहत होती. "बाबा, तेवढ्या येळात माणूस जाते," ती म्हणाली. "मले तेवढाच येळ कमी पडला."

चाचा आपल्या शेडात निघून गेला.

त्या वाक्यानं माझं ठरलं. तोवर ही तिची आणि माझी गोष्ट होती. आता ती लोकांच्या बुडाखाली एका खटक्याची सायकल देणार होती, आणि तीही असा वेळ वाचवायला, जो तिला कधी कमी पडलाच नव्हता. कोणाची तरी लेक तोंडावर पडली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवा पाइप आणि खटका आणायला अकोल्याला निघाली. एकटी जाते म्हणाली. मी येतो म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, कारण त्या दिवसानंतर आम्ही दोघं त्या रस्त्यानं सोबत गेलो नव्हतो. मी पुढच्या सीटवर बसलो. मेडशी गेलं, घाट आला. मी बोलायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, गिअर बदल. मला गाडी चालवता येत नाही. ती म्हणाली, बदलला आहे. घाट उतरलो. पातूरच्या पुढं झाडाखाली चहाची टपरी होती, तिथं तिनंच गाडी थांबवली. चहा हातात आला तेव्हा मी बोललो.

"तुले गाडी लावाले जागा भेटली असती तरी काई झालं नसतं. तुझी माय दवाखान्यात नाई गेली. ती घाटातच गेली. ओकली नाई, तवाच मले समजलं."

ती चहाचा कप धरून उभी राहिली. मग विचारलं, डॉक्टर? मी सांगितलं, डॉक्टरनं जे आत जाऊन पाहिलं ते मी आधीच पाहिलं होतं.  टपरीवाला ग्लास धूत होता, त्याचा नळ चालू होता.

"मी इचारत होती तवा तुमी झोपली म्हणत होते," ती म्हणाली.

"हो."

"काहून?"

"तुझ्या हातात स्टेअरिंग होतं."

मी सांगतो, मला वाटलं होतं आता तिच्या खांद्यावरचं ओझं उतरेल. रडेल, मग हलकी होईल. मी वर्षभर हाच हिशेब धरून चाललो होतो, की माझ्यापाशी तिच्या दुखण्याचं औषध आहे, फक्त द्यायची वेळ पाहतो आहे. ती रडली नाही.

"मी थांबली असती," ती म्हणाली. "गाडी बाजूले घेतली असती. मांगं येऊन बसली असती तिच्यापाशी. आपण तिघंच होतो, बाबा. तुमी मले पळवत ठेवलं."

  वर मी लिहिलं आहे की आजही तसंच करीन, ते मी खोडत नाही, ट्रक खरे होते आणि घाट खरा होता. पण थांबण्यासारखंही काही होतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. माझ्यासाठी तिच्या मायचं मरण म्हणजे ती मांडीवरची वाट. घाटापासून अकोल्यापर्यंत मी तिच्या केसांवरून हात फिरवत होतो. कोणी मध्ये आलं नाही. नवराबायकोला म्हातारपणी एवढा निवांत वेळ मिळत नाही, असंही माझ्या मनात येऊन गेलेलं आहे. आणि पुढच्या सीटवर तिची लेक मेलेल्या आईला वाचवायला हॉर्न मारत होती.

तिनं चहा टाकून दिला. गाडीत बसलो. 

सामानाच्या दुकानात मी मागं उभा राहिलो. दुकानदारानं तिच्यापुढं खटक्यांचे नमुने मांडले आणि एक उचलून दाखवला, हा बघा मॅडम, एका बोटानं उघडतो. तिनं तो हातात घेतला, दोनदा उघडला, दोनदा लावला. मोबाइल काढला नाही. मग दुसरा मागितला, जाडा, हातानं पिळून काढायच्या पिनचा, आणि म्हणाली, दोन्ही द्या.  माझ्या सांगण्यानं तिनं तसं केलं, का माझ्यावरच्या रागानं, का आदल्या दिवशी चाचा रस्त्यावर पडला म्हणून, हे मला माहीत नाही आणि विचारायचा मला हक्क राहिला नाही असं वाटलं. पुढं सायकल तशीच पुण्याला गेली, दोन खटक्यांची. काही लोकांनी चालवून पाहिली, कोणी वजन जास्त म्हणालं, कोणी चांगलं म्हणालं. ती अजून त्यावर काम करते आहे, कधी इथं, कधी तिथं. माझ्याशी बोलते ती कामापुरती. इथं धरा. इथं लावा.

पण त्या दिवशी परत येताना ती एकदा बोलली. पातूर सोडून घाट चढायला लागलो होतो. पहिलं वळण आलं आणि तिनं समोर पाहत विचारलं, "कोणत्या वळणावर?"

मी बाहेर पाहिलं. दगड, सागाची झाडं, कठडा. त्या दिवशी मी बाहेर पाहिलंच नव्हतं, पिशवी धरून बायकोच्या तोंडाकडे पाहत होतो. एखादं वळण दाखवलं असतं तर तिला एक जागा मिळाली असती. तिथं ती थांबली असती. पण एवढं झाल्यावर मला आता तिला खोटं सांगायचं नव्हतं.

"नाई सांगता येत," मी म्हटलं.

 तिनं गाडी हळू केली. मग आणखी हळू, बैलगाडीच्या चालीनं. एकेक वळण आलं तशी ती उजव्या कडेला, त्या दिवशी अकोल्याकडे जाताना गाडी बाजूला घेता आली असती तिकडे, पाहायची, मग पुढं घ्यायची. मागं ट्रकची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले, एक जण खिडकीतून शिव्या देत ओलांडून गेला. मला घाई कर म्हणता आलं नाही. मेडशीची घरं दिसेपर्यंत ती तशीच चालवत राहिली.